चौगुलेबाईंचे हात

कॉम्प्युटरनं काही विचारलं की चौगुलेबाई दोन्ही हात मांडीखाली घ्यायच्या. खुर्चीवर बसल्या बसल्या तळवे खाली दाबायच्या, पाठ ताठ करायच्या आणि पडद्याकडे बघत राहायच्या. हिरव्या अक्षरांचा प्रश्न समोर लुकलुकतोय आणि बाई छडीच्या भीतीनं हात लपवलेल्या पोरीसारख्या गप्प. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना थंडी वाजते. जयपूरच्या उन्हाळ्यात अख्ख्या कारखान्यात तेवढी एकच खोली गार होती. मी म्हटलं, "बाई, एसी बंद करू का?"

"नको हो मामा. हात धरून ठेवलेत."

"कशाला?"

"हे विचारतंय, पुसू का म्हणून. बोटं लई उतावळी असतात. यानं विचारलं की लगेच सांगायचं नसतं. याला काय, हो म्हटलं की हे करून मोकळं. निस्तरायचं आपल्याला."

मग ओठ हलवत तो इंग्रजी प्रश्न त्या पुन्हा वाचायच्या. पटलं की एक हात बाहेर यायचा, एक बटण दाबायचा आणि परत मांडीखाली जायचा.

त्यांच्या हातांची नखं कधी स्वच्छ नसायची. एका नखात निळं, एकात मेंदीसारखं लाल, अंगठ्यात हिरवं. कितीही धुतले तरी तो रंग निघत नसे. "आमचे साहेब म्हणतात, जेवताना हात दाखवू नकोस, घास उतरत नाही," असं त्या हसून सांगायच्या. साहेब म्हणजे त्यांचे मिस्टर. बँकेत ऑफिसर होते आणि बदली होऊन जयपूरला आले होते. बाई इचलकरंजीच्या. तिकडं सूत रंगवायच्या खात्यात काम केलेल्या, केमिस्ट्री शिकलेल्या. इकडं आल्यावर कॉम्प्युटरही शिकल्या. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या कारखान्यात कामावर असलेली बाई अशी ती एकच. लुना मोपेडवरून यायच्या, पदर कमरेला खोचलेला, अंगात साहेबांचा जुना शर्ट.

मी त्या कारखान्यात शिपाई होतो. आधी रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर. भुसावळकडचा, शिक्षण चौथी. बदलीनं जयपूरला आलो आणि इथंच रिटायर झालो. गावाकडं काही उरलं नव्हतं, म्हणून झोटवाड्यात खोली घेतली. घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा काम बरं, म्हणून इथं लागलो. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसायचं, येणाऱ्याला चपला काढायला लावायच्या आणि आत धूळ येऊ द्यायची नाही. राजस्थानात राहून धूळ येऊ द्यायची नाही! असली कामं सांगणाऱ्यांचं मला आधीपासूनच हसू यायचं. पुढं हसू गेलं.

खोटं कशाला बोलू, मला त्या जागेची किळस यायची. तिथं गालिच्यांसाठी लोकर रंगवायचे. ओल्या लोकरीला ओल्या बकरीचा वास येतो, त्यात ॲसिडची वाफ. मागच्या नाल्यातून ज्या दिवशी जो रंग तो वाहायचा आणि डुकरं त्यात लोळून त्या रंगाची व्हायची. भिंतीच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या. बडे सेठ खाटेला खिळलेले, कारभार धाकट्या मुलाच्या हातात. त्याला सगळे छोटे सेठ म्हणायचे. त्याचा मेहुणा दुपारी जेवून यायचा आणि त्या गार खोलीत बाईंच्या मागं चटई टाकून घोरायचा. चपला काढायला लावायचं काम माझं; त्यालाही सांगितलं तर म्हणाला, "घर का आदमी हूँ." घरच्या माणसाच्या पायाला धूळ लागत नसावी.

बाईंची आणि माझी ओळख शिवीवरून झाली. त्या मेहुण्याची चटई गुंडाळताना मी आमच्या भागातली एक शिवी तोंडातल्या तोंडात दिली. बाई खुर्चीतून वळल्या. "मामा, भुसावळ का जळगाव?"

मी ओशाळलो. त्या म्हणाल्या, "असू दे हो. इथं आल्यापासून इतकं चांगलं मराठी ऐकलंच नव्हतं."

त्या दिवसापासून मी त्यांचा मामा.

त्यांचं काम काय, ते मला त्यांनीच समजावलं, म्हणून सांगू शकतो. गालिचा गावातल्या घरात मागावर महिनोन् महिने विणला जातो. निम्मा विणून झाला की लोकर संपते, मग कारखान्यातून त्याच रंगाची पुन्हा जाते. तो रंग जरा जरी हलला तर गालिच्यात आडवा पट्टा दिसतो. परदेशातला गिऱ्हाईक तो घेत नाही आणि सेठ मजुरी कापतो ती विणणाऱ्याची. म्हणून रंग तंतोतंत जुळायला पाहिजे. हे जुळवणं आधी कढईवरच्या म्हाताऱ्या रंगाऱ्यांच्या अंदाजावर चालायचं. बाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहायच्या, वाफेत डोळे चोळत. कुठला रंग किती, ॲसिड कधी, उकळी केवढी, पाणी कुठल्या बोअरचं. त्या मागच्या बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात गुलाबी रंग मरून विटकरी व्हायचा. प्रत्येक रंग त्या पुन्हा रंगवून बघायच्या, धागा उन्हात नेऊन जुन्या धाग्याशी लावायच्या, आणि जुळला तरच त्याची कृती कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. "दिव्याखाली सगळे रंग गोड दिसतात मामा," म्हणायच्या. "उन्हात आणा म्हणावं, मग बघू." वर्ष गेलं, दुसरं गेलं. होता होता कारखान्याचे बहुतेक रंग त्या डब्यात गेले. मग गावाकडून लोकरीचा तुकडा आला की बाई नंबर टाकायच्या आणि पडद्यावर सगळी कृती हजर.

आमच्या घरी त्या रविवारी यायच्या. माझी बायको शेवंता. जयपुरात जन्म गेला तिचा, पण हिंदी काही तिच्या जिभेवर बसली नाही. भाजीवाल्याशी हातवारे, शेजारणीशी हसू, आणि बाकी दिवसभर माझ्याशी भांडण. बाई आल्या की ती सुटायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि बोलणं. बाई कोल्हापुरी चटणी घेऊन यायच्या. शेवंता ती चाटून बघायची आणि म्हणायची, "हिच्यात नुसता रंग आहे बाई, तिखट कुठंय?" बाई म्हणायच्या, "शेवंताबाई, डोळ्यांतून पाणी काढत काढत बोलू नका." दोघी एवढ्या हसायच्या की मी उठून बाहेर जायचो. आमच्या घरात हसवणारं माणूस म्हणजे बाईच. मी काही हसवणारा नवरा नव्हतो.

मग एका उन्हाळ्यानंतर शेवंताच्या पायांवर सूज आली. श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. दिवाळीच्या आधी तिला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं.

आणि नेमकं तेव्हाच छोट्या सेठच्या डोक्यात नवी डॉस शिरली.

डॉस म्हणजे मशीनचा मुकादम, असं मला बाईंनी सांगितलं होतं. तो असला तर मशीन चालतं, नसला तर नुसता पत्र्याचा डबा. आतली डिस्क म्हणजे गोदाम, त्यात सगळा माल ठेवलेला. छोट्या सेठनं कुणा व्यापाऱ्याच्या कारखान्यात नवी डॉस पाहिली, आणि आता आपल्याकडं जुनी आहे म्हणून त्याला रात्री झोप येईना. दिल्लीहून एक टायवाला इंजिनियर बोलावला. तो फ्लॉप्यांची पेटी घेऊन आला आणि खुर्चीत पाय पसरून समजावू लागला. नवी डॉस दोन तऱ्हेनं बसते. एक, जुनीच्या जागी ठेवायची आणि गोदामाला हात लावायचा नाही. सगळा माल जिथल्या तिथं. दुसरी तऱ्हा म्हणजे गोदाम पूर्ण पुसायचं, आतल्या भिंती काढून एकच मोठं दालन करायचं आणि कोऱ्या जागेत पहिल्यापासून सुरू करायचं.

"जुनीच्या जागी," बाई म्हणाल्या. "आमचं सगळं आत आहे."

इंजिनियर म्हणाला, "वो भी चलेगा. और एक सवाल पूछेगी. थोडा डालना है, मीडियम, या पूरा. पूरा डालोगे तो आपके प्रोग्राम के लिए जगह कम बचेगी."

"पूरा," छोटे सेठ म्हणाले. "पैसे पूरे दिये हैं."

बाई माझ्याकडं बघून मराठीत म्हणाल्या, "जेवणावळीत बसले तर हे आख्खी कढई ताटात उलटी करतील." मग सेठला हिंदीत म्हणाल्या, "सेठजी, रंग का प्रोग्राम खडा रहेगा कहाँ? थोडा ही डालो."

सेठला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्याच्या मनात दिवाळी होती. त्या लोकांत दिवाळीला जुनी बही, म्हणजे हिशेबाची वही, बंद होते आणि नवी उघडते, कुंकवाचं चिन्ह काढून, कोऱ्या पानावर. तो म्हणाला, "मॅडमजी, नई बही में पुराना एक अक्षर नहीं होता. मशीन भी हमारी बही है. दिवाली के मुहूर्त पर सब पोंछ के कोरी करेंगे, फिर नई डॉस."

मला वाटलं हा थट्टा करतोय. बाईंचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं, थट्टा नाही. दोन वर्षांचे सगळे रंग हा माणूस शुभ दिवस म्हणून पुसणार होता.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सेठजी, नई बही आयी तो पुरानी आप लोग जलाते हो क्या?"

"राम राम! बही कौन जलाता है? लाल कपडे में बाँधते हैं, पूजा में रखते हैं."

"मग माझी जुनी बही पण बांधायला द्या की. फ्लॉप्या द्या. मी सगळं उतरून घेते आणि लाल कपड्यात बांधते. मग तुमची मशीन कोरी करा."

सेठ खूश झाला. "मॅडम, आप तो हमारे घर की हो गयीं!" त्यानं फ्लॉप्या आणवल्या, आणि लाल कापडही आणवलं, वर जरीची किनार. बाई घरी जाताना लुना सुरू करता करता म्हणाल्या, "मामा, शहाणपणानं नाही ऐकत, त्याच्या देवघरातून सांगितलं तर ऐकतो." मला त्यांचं कौतुक वाटलं.

पुढचे काही दिवस त्या मशीनसमोर बसून फ्लॉपीमागून फ्लॉपी भरत होत्या. संध्याकाळी दवाखान्यात शेवंताजवळ. तिथून मला डबा.

दिवाळीच्या दिवशी मजुरांना सुट्टी होती, पण पूजेला शिपाई पाहिजे. मी रजा मागितली तर छोटे सेठ म्हणाले, "तायडे, दो घंटे की बात है, प्रसाद लेके चले जाना." शेवंताजवळ शेजारीण बसली होती. मी आलो. आम्ही बौद्ध. त्या कारखान्यात पूजेच्या ताटाला मी हात लावलेला चालत नसे, मशीनवरची धूळ मात्र मीच पुसायची. मी दारातल्या स्टुलावर बसलो आणि लोकांच्या चपला बघत राहिलो.

आत मशीनला झेंडूची माळ. बाजूच्या चौरंगावर नव्या वह्या, जुन्या वह्या आणि त्यांच्या शेजारी बाईंचं लाल गाठोडं. मुनीमजी पूजा मांडत होते. हे म्हातारे मुनीम बड्या सेठच्या काळापासूनचे, वर्षानुवर्षं वह्यांची पूजा त्यांच्याच हातची. इंजिनियरनं पहिली फ्लॉपी घातली, मशीन गुरगुरलं आणि पडद्यावर प्रश्न आला. बाईंनी तो मोठ्यानं वाचून सगळ्यांना सांगितला: डिस्कवरचं सगळं जाईल, पुढं जायचं का, हो की नाही?

आणि त्यांनी हात मांडीखाली घेतले. खुर्ची त्यांची होती. त्या बसल्या होत्या तोवर बटणांपर्यंत दुसऱ्याचा हात पोचत नव्हता.

"दबाइये मॅडम," सेठ म्हणाले.

"आधी एक फ्लॉपी वाचून बघू द्या. नकल काढली म्हणजे झालं नसतं. दुसऱ्या मशीनवर ती उघडते का ते बघायचं. समोरच्या कारखान्यात मशीन आहे. मैं अभी जाके आती हूँ."

"हमारे रंग दूसरे की मशीन में? दिमाग ठिकाने है?"

"मग मशीन आज कोरी करू नका. उद्या करा."

"मुहूर्त आज का है!"

"मॅडम, मेरी दिल्ली की बस निकल जायेगी," इंजिनियर म्हणाला. त्याला घरी दिवाळीला पोचायचं होतं.

बाई हलल्या नाहीत. सेठ कपाळाचा घाम पुसत होता. मुनीमजी तबकात पाण्यात कुंकू कालवत थांबले होते. मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, बसून राहा बाई. हा मुहूर्त जाऊ दे नाल्यात.

तेवढ्यात फोन वाजला. मुनीमजींनी घेतला. "तायडे, अस्पताल से. तेरी पडोसन है. बोल रही है जल्दी आ, हालत ठीक नहीं."

मी उभा राहिलो. पण जाणार कसा? दिवाळीची दुपार, बस नाही, रिक्षावाले घरी. विद्याधर नगराच्या बाजूला तेव्हा नुसत्या आखलेल्या रेषा आणि माती होती, रस्त्यावर माणूस नाही. सेठची गाडी बाहेर उभी होती. मी सेठकडं पाहिलं. सेठनं घड्याळाकडं पाहिलं.

मी बाईंना काही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, मला दिसत होतं त्या कशावर बसल्यात ते. पण मी दारातून वळायच्या आत त्या उठल्या होत्या. "बसा मागं," म्हणाल्या. किल्ली हातात. जाता जाता इंजिनियरला बोट दाखवून म्हणाल्या, "हाथ मत लगाना. मैं आके बताती हूँ," आणि मुनीमजींना, "मुनीमजी, ये लाल पोटली कोई खोलेगा नहीं."

म्हातारा माणूस बाईच्या मागं लुनावर. एरवी मी मेलो असतो लाजेनं. सीकर रोडवरून धूळ खात निघालो, पुढं बाजारात कमानी, दिव्यांच्या माळा, मिठाईच्या दुकानांपुढं गर्दी, आणि बाई हॉर्न दाबत, "हटो भैया, हटो" करत, मध्येच कोल्हापुरी शिव्या देत वाट काढत होत्या. माझ्या आयुष्यात मी एवढ्या वेगानं कुठं गेलेलो नाही, रेल्वेतसुद्धा.

पोचलो. शेवंता जागी होती. मी चमच्यानं पाणी पाजलं, ते तिनं घेतलं. म्हणाली, "जेवले का तुम्ही?" मी म्हटलं, जेवलो. खोटंच. मग बाईंचा हात तिनं हातात घेतला, उलटा करून नखं बघितली आणि म्हणाली, "आज सणाला तरी हात धुवायचे बाई."

बाई म्हणाल्या, "धुतले होते हो. निघत नाही."

"निघत नाही," शेवंता म्हणाली, आणि तो हात तिनं सोडला नाही. बाहेर फटाके सुरू झाले तेव्हा ती गेली. नर्स काय काय हिंदीत सांगत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं. इतकी वर्षं हिंदी बोललो, त्या दिवशी कळली नाही. सगळं बाईंनी केलं. कागद, गाडी, साहेबांना फोन, दुसऱ्या दिवशी मसणवटीत माझ्याजवळ उभं राहणं. कारखान्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मलाही आठवलं नाही.

काही दिवसांनी मी पगाराचं विचारायला गेलो तेव्हा मुनीमजींनी सांगितलं. तो म्हातारा वाईट नव्हता, म्हणून जास्त राग येतो. अभिमानानं सांगत होता. बाई गेल्याबरोबर सेठनं इंजिनियरला खुणावलं आणि इंजिनियरनं हो दाबलं. मशीन कोरं झालं. मग नवी डॉस, आणि 'पूरा', कारण पैसे पूर्ण दिलेले. मग पूजा. "पुरानी बही की भी पूजा होती है ना तायडे. हमने पोटली खोली. एक-एक पे अपने हाथ से सातिया बनाया. रोली, चावल, गंगाजल. एक भी नहीं छोडी."

सातिया म्हणजे स्वस्तिक. प्रत्येक फ्लॉपीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. फ्लॉपीला मध्ये एक लांबट फट असते, आतली काळी तबकडी तिथून उघडी दिसते आणि मशीन तिथूनच वाचतं. ती फट म्हाताऱ्याला स्वस्तिकासाठी बरोबर मध्यावरची जागा वाटली. बाईंनी जी युक्ती करून रंग वाचवले, त्याच युक्तीनं ते पूजेला बसले आणि मेले.

मी आत गेलो तर बाई मशीनपुढं होत्या. कापूस आणि स्पिरिट घेऊन एकेक फ्लॉपी पुसत होत्या. तबकडीवर तांदळाचा कण घासून गोल ओरखडा पडलेला. मशीनमध्ये घातली की ते घशात काटा अडकल्यासारखं खरखरायचं आणि नाही म्हणायचं. त्यातली पहिलीच गेली होती, आणि पहिली गेली की तिच्या मागच्या सगळ्या मुक्या, असं त्या म्हणाल्या. मला बघून त्यांनी चटकन कापूस बाजूला ठेवला.

"तुम्हाला कुणी सांगितलं? कशाला आलात मामा? घरी बसायचं सोडून."

"बाई, सगळं गेलं?"

"चहा घेतलात का सकाळी?" त्या म्हणाल्या.

छोटे सेठ मागून आले. पानानं तोंड भरलेलं. मला वाटलं, आता बायकोचं विचारतील. तोंड वर करून, पिंक सांभाळत ते म्हणाले, "देखा तायडे? मॅडम मुहूर्त छोड के भाग गयीं. लक्ष्मीजी नाराज हो गयीं. अब गाँवों में आधे गालीचे पडे हैं, रंग कौन मिलायेगा?" बाईंकडं बघून म्हणाले, "औरत जात पे भरोसा किया, मेरी गलती."

पुढं काय झालं ते सगळ्या कारखान्यानं पाहिलं. रंग पुन्हा अंदाजानं लागले. गालिच्यांत पट्टे आले. मजुरी कापली ती विणणाऱ्यांची, ज्यांनी ना डॉस पाहिली ना मुहूर्त. इंजिनियरची वाहवा झाली, कारण मशीन आता नवीन होतं. बाईंना महिनाअखेर घरी बसवलं. पुन्हा उभे करते सगळे रंग, वेळ द्या, असं त्या म्हणत होत्या, तरी.

मी मात्र पगाराचं विचारायला गेलो त्याच दिवशी काम सोडलं. मुनीमजी मागं धावत आले, हातात मिठाईचा डबा. दिवाळीची भेट. "परसाद है, मना नहीं करते." त्याच पूजेचा प्रसाद. शेवंताला जाळून आलेल्या माणसाला. मी डबा घेतला, आत गेलो, चपला घालूनच गेलो, आणि मशीनच्या डोक्यावर झेंडूच्या वाळक्या माळेत तो ठेवून दिला. मुंग्या लागल्या असतील तर लागोत. थुंकणार होतो, पण भिंतींवर आधीच जागा नव्हती.

आमचा मुलगा नाशिकला असतो. तो आला, सून आली. चांगली आहेत दोघं. सुनेनं आल्या आल्या ट्रंक उघडली, आईच्या साड्या वाटून टाकू म्हणाली. खाट विकू, खोली सोडू. मुलगा म्हणाला, "बाबा, इथं राहून नुसतं तेच तेच आठवणार. हे सगळं काढून टाका. नाशिकला नव्यानं सुरू करा. मतलब, एकदाच मन घट्ट करायचं. सांगा, हो की नाही? मला तिकिटं काढायची आहेत."

बाई भाकरी घेऊन आल्या होत्या, चुलीशेजारी बसल्या होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाल्या, "मामा, हात मांडीखाली."

मुलाला काही कळलं नाही. मी खाटेवर बसलो होतो. दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ट्रंकेकडं बघत राहिलो. मुलगा परत गेला. ट्रंक तिथंच आहे. अजून मी उत्तर दिलेलं नाही. त्यानं विचारलं म्हणून लगेच सांगायचं नसतं.

थंडी संपता संपता साहेबांची बदली झाली, पार आसामकडं. स्टेशनवर मी गेलो. बाई खिडकीत बसल्या होत्या. साहेब सामान मोजत होते. मी कळण्याचं पीठ बांधून दिलं, तर म्हणाल्या, "भाकरी मला शेवंताबाईंसारखी जमणार नाही." मी म्हटलं, "तिलाही कुठं जमायची." आम्ही हसलो. शेवंता गेल्यावर मी पहिल्यांदा तेव्हा हसलो.

गाडीनं शिटी दिली. इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं. "बाई, तुम्ही बसून राहिला असता तर ते रंग राहिले असते. तो फोन आज पुन्हा आला तर उठाल का?"

"उठेन की," त्या म्हणाल्या. "हे काय विचारणं झालं?"

गाडी हलली. मी थोडं बरोबर चाललो. त्यांचे दोन्ही हात खिडकीच्या गजांवर होते. नखांत अजून रंग होता.